पुढच्या सीटवरच्याचे गुडघे

छोट्या गाडीत किती माणसं मावतात हे आपल्याकडे गाडी ठरवत नाही. आमच्या वॅगनआरच्या आरसी बुकात पाच लिहिलेत. लग्नसराईत त्याच गाडीनं सात मोठी माणसं, दोन पोरं आणि रुखवताची ताटं एवढा ऐवज चिंचवडहून हडपसरला पोचवलेला आहे. ‘जरा सरकून घ्या’ म्हटलं की एकाचा खांदा पुढे जातो, दुसऱ्याचा मागे, आणि दार लागतं. पोरं तर हिशेबातच नसतात. ज्याची मांडी मोकळी, त्याच्याकडे पोर.

गेल्या डिसेंबरात आमची लेक चौदा महिन्यांच्या नातीला घेऊन स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून आली. सामानात एक असा प्रवासी होता, ज्याला सरकून घेणं माहीतच नाही. लहान मुलाला गाडीत मागे तोंड करून बसवायची सीट. मुंबई विमानतळावरून त्या मोठ्या गाडीनं आल्या, तिथं तिनं ती स्वतःच बसवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये ती सीट गाडीशेजारी ठेवली तेव्हा वॉचमन येऊन बघून गेला आणि म्हणाला, “काका, हिला कॅरियरवर टाकणार का?”

लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही नुसतं बघा, मी बसवते.” हे वाक्य टूलरूमच्या माणसासमोर बोलायचं नसतं. माझा उभा जन्म पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात फिक्स्चरं, म्हणजे काम चालू असताना वस्तू जागची हलू न देणारे साचे, करण्यात गेला. त्यातली शेवटची बरीच वर्षं तर गाडीच्या पुढच्या सीटखाली जे रूळ असतात, ज्यांना आम्ही सीट ट्रॅक म्हणतो, त्यांच्या वेल्डिंग फिक्स्चरांत. सीट पुढे-मागे सरकते तेव्हा जो ‘खट्’ आवाज येतो, त्या प्रत्येक खटक्यामागे एक खाच असते, आणि ती खाच कुठं पडायची हे मी आयुष्यभर मायक्रॉनमध्ये भांडून ठरवलेलं. आणि आता आमच्या नातीची सीट त्याच ट्रॅकला पट्टे बांधून उभी राहणार होती.

आधी जागेचं बोलू. आमची गाडी जुन्या घाटाची वॅगनआर, लांबी ३६०० मिमीच्या आसपास आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४००. मूळ खानदान जपानचं. तिकडे ३४०० मिमीच्या आतल्या गाड्यांना करात सवलत, म्हणून तिथले इंजिनियर पिढ्यान् पिढ्या आखूड गाडीत जागा काढायला शिकले. आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं, आणि तेव्हापासून आपल्या रस्त्यावरच्या गाड्या त्या चार मीटरच्या रेषेला नाक लावून उभ्या आहेत. काही गाड्यांच्या डिक्या तर कुऱ्हाडीनं तोडल्यासारख्या दिसतात, त्या याचमुळे. लांबी घटली तरी नाकातलं इंजिन घटत नाही, पेट्रोलची टाकी घटत नाही, पुढच्या माणसाचे पायही घटत नाहीत. घटते ती पुढच्या सीटची पाठ आणि मागच्या सीटची पाठ यांच्यामधली पोकळी. नेमकी तीच जागा ही उलटी सीट मागते.

मागे तोंड का, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी आमच्या घरी निघाला. आमच्या सौ.चं म्हणणं साधं होतं. “लेकरानं काय भिंतीकडे बघत जायचं? खिडकीतून दुनिया दिसू दे की.” लेकीनं उत्तर द्यायच्या आधी मीच दिलं, कारण दुपारभर सीटबरोबरची पुस्तिका वाचून झाली होती आणि लेकीलाही थोडं पिळून झालं होतं.

ही कल्पना तिच्या आताच्या गावचीच. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात बर्टिल आल्डमन नावाचे एक प्राध्यापक होते, पेशानं डॉक्टर. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं त्यांनी पाहिली. यान सुटताना वेगाचा सगळा भार त्यांच्या पाठीवर यावा असं त्यांना निजवलेलं होतं. आल्डमननी तोच विचार लहान मुलाला लावला. १९६४ मध्ये व्होल्व्होच्या गाडीत पहिल्या नमुन्याची चाचणी झाली आणि १९७२ मध्ये व्होल्व्होनं अशी सीट बाजारात आणली. त्याच कंपनीत नील्स बोलिननं १९५९ मध्ये तीन टोकांचा सीटबेल्ट केला होता आणि कंपनीनं तो जगाला खुला करून दिला होता. म्हणजे त्या गावाला या विषयाचं वेडच आहे म्हणायचं.

समोरून धडक बसली की गाडी थांबते, आतली माणसं थांबत नाहीत. ती त्याच वेगानं पुढे जात राहतात, जोवर काहीतरी अडवत नाही तोवर. आपल्याला बेल्ट छातीवर अडवतो, डोकं पुढे झुकतं, मान ताणली जाते. मोठ्या माणसाची मान बहुतेकदा निभावून नेते. नऊ महिन्यांच्या बाळाचं मात्र गणित वेगळं. त्याच्या एकूण वजनाचा सुमारे २५ टक्के भाग नुसतं डोकं. आपल्या बाबतीत तो सहा टक्के. मानेचे मणके अजून अखंड हाड झालेले नसतात, तुकडे कूर्चेनं जोडलेले असतात; ते पुरते जुळायला तीन ते सहा-सात वर्षं जातात. म्हणजे जड डोकं, कच्ची मान आणि पुढे खेचणारी ताकद. मूल मागे तोंड करून बसलं की त्याच धक्क्यात डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकदम सीटच्या कवचात दाबली जातात. मानेला एकटीनं काही पेलावं लागत नाही. भार एका बिंदूवर न घेता पृष्ठभागावर पसरून घ्यायचा, हे आमच्या शॉपवर पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसला शिकवतात.

युरोपच्या नव्या आर १२९ नियमात १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. स्वीडिश लोक तेवढ्यावर थांबत नाहीत, ते मुलांना चौथ्या वर्षापर्यंत उलटंच बसवतात. त्यांच्याकडे लिंकशॉपिंगच्या रस्ते-संशोधन संस्थेत एक प्लस टेस्ट म्हणून चाचणी होते, तिच्यात पुतळ्याच्या मानेवर किती ताण आला ते मोजतात, आणि पुढे तोंड केलेली सीट त्या चाचणीत पास होत नाही. आमच्या नातीच्या सीटवर त्या चाचणीचा शिक्का होता आणि शेजारी युरोपचं नारिंगी लेबल, गोलात ई आणि ५. ५ म्हणजे स्वीडन. मुलांच्या सीटसाठीचं आपल्याकडचं मानक, एआयएस ०७२, युरोपच्या आधीच्या, आर ४४ नावाच्या नियमाच्या वळणावर बेतलेलं आहे.

सौ.नं सगळं ऐकून घेतलं आणि लेकीकडे बघत म्हणाली, “हिला आपण बजाजवर पुढे उभी करून नेत होतो. काय झालं तिला?”

याला उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण ते ज्यांना काही झालं त्यांच्या घरी असतं. मी वेगाचं उदाहरण काढलं. तेव्हा आकुर्डीच्या रस्त्यावर स्कूटर तिशीत चालायची. आज आपण वाईला जाताना ऐंशीत असतो. ताशी ५० किमीनं जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला आपल्या वजनाच्या चौदापट ओढ बसते. नात नऊ किलोची. तेवढ्या क्षणापुरती ती सव्वाशे किलोची होते. “मांडीवर घट्ट धरून बसेन म्हणतेस ना, सिमेंटच्या अडीच गोण्या धरून दाखव.” हे ऐकून ती काही बोलली नाही, पण सकाळी पार्किंगमध्ये चहाचा थर्मास घेऊन स्वतः खाली आली.

आता बसवणं. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की कुठल्याही वस्तूला हलायला सहाच मार्ग असतात. तीन दिशांना सरकायचे आणि तीन अक्षांभोवती फिरायचे. चांगलं फिक्स्चर हे सहाही मार्ग बंद करतं. पण आम्ही ते करायचो कडक पोलादावर. इथं खाली फोम. फोमवर क्लॅम्प मारायचा म्हटलं तर कोणीही टूलमेकर हात जोडून निघून जाईल.

त्यात फोमच्या वर आपलं खास भारतीय लेणं, सीट कव्हर. गाडी शोरूममधून निघते ती थेट ॲक्सेसरीच्या दुकानाकडे. आपली कव्हरंही तशीच, रेक्झिनची, आत जाड गादी घातलेली. वर गुळगुळीत, खाली फुगीर. त्यावर सीट ठेवून पट्टा कितीही आवळा, गादी दबत राहते आणि पट्टा सैल पडतो. मी मागच्या डाव्या बाजूचं कव्हर उसवून काढलं. सौ.चा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता, कारण ते कव्हर तिच्या पसंतीचं होतं.

जागा डावी मागची ठरली. मधल्या जागेवर आमच्या गाडीत नुसता कमरेचा पट्टा आहे, तो या सीटला चालत नाही. ड्रायव्हरच्या मागे ठेवली तर स्टिअरिंग माझ्या छातीला लागतं. छाती आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंमी अंतर हवं, तिथे कोणाच्या सोयीसाठी तडजोड नाही. शिवाय आपल्याकडे डावं दार फुटपाथच्या बाजूला उघडतं, पोराला रस्त्याच्या रहदारीत उतरवावं लागत नाही.

वॉचमनचा सल्ला होता की पुढेच ठेवा. तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. स्वीडनमध्ये पूर्वी ही सीट पुढेच, डॅशबोर्डला टेकवून ठेवायचे. पण ते एअरबॅगच्या आधीचं. आपल्याकडे २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना पुढे डावीकडेही एअरबॅग आहे, आणि एअरबॅग हा काही उशीसारखा मऊ प्रकार नाही. तो ताशी तीनशे किमीच्या घरातल्या वेगानं, डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटतो. उलट्या सीटचं कवच, म्हणजे त्याच्याआड असलेलं बाळाचं डोकं, बरोब्बर त्याच्या तोंडाशी येतं. सूर्य अडवायच्या झडपेवर जे बाळाचं चित्र आणि त्यावर लाल फुली असते, ते याच्याबद्दल. कित्येक लोक ते स्टिकर नवीन गाडीचं प्लॅस्टिक काढताना त्याच्याबरोबर सोलून टाकतात. आमच्या जुन्या गाडीला डावीकडे एअरबॅग नाही, तरी लेक म्हणाली मागेच, आणि मी वाद घातला नाही.

पुढची सीट आधी पार पुढे लोटली. उलटी सीट आत घालताना दाराची चौकट आडवी येते. ती डोक्याकडून न घालता पायाकडून, तिरकी करून घालायची. मग बेल्ट. आपल्या गाड्यांतला मागचा बेल्ट हिसका दिला की अडकतो आणि हळू ओढला की सुटतो. माणसाला ते सोयीचं, पण सीट धरून ठेवायला तो एकटा कामाचा नाही. म्हणून सीटवरच एक चिमटा असतो, त्यात बेल्ट ओवून आवळून बंद करायचा. मी गुडघा सीटमध्ये टेकवून सगळं अंग त्यावर टाकलं आणि लेकीनं पट्टा ओढला. एकट्यानं हे नीट होत नाही. मग तिनं बकलकडे बोट दाखवलं. आमच्या मागच्या बकलचा देठ कापडी पट्टीचा आहे. तो ताणला की बकल सीटच्या कडेवर आडवं पडून वाकू बघतं. धक्क्यात तिथंच ते फुटायचं. देठाला आतल्या बाजूनं वळवून बकल मोकळं सरळ राहील असं केलं, तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

त्यानंतर पाय. सीटच्या पुढच्या टोकाखाली एक लांबणारा पाय असतो, तो गाडीच्या तळाला टेकवायचा. धडकेत सीट पुढे-खाली कोसळू बघते, ते तो अडवतो. कार्पेटवरचं रबरी मॅट काढायचं, पाय थेट तळावर. आणि शेवटी ते दोन पट्टे, ज्यांची मी वाट पाहत होतो. धडकेनंतर सगळं जेव्हा उलट मागे उसळतं, तेव्हा सीटला मागच्या पाठीवर आपटू द्यायचं नसतं. म्हणून दोन पट्टे पुढच्या सीटच्या ट्रॅकच्या मागच्या पायांभोवती गुंडाळून खाली ताणतात. पुढच्या सीटखाली आमच्या वॅगनआरला एक ट्रे आहे, ज्यात सौ. छत्री, जुन्या पावत्या आणि का कोण जाणे एक नारळ ठेवते. ट्रे काढला, नारळ घरी गेला, आणि मी पोटावर पडून हात आत घातला. अंधारात बोटांना ट्रॅक लागला. कडा गुळगुळीत, बोल्ट पुरते बसलेले, वेल्डचा ओघळ कुठं नाही. कोणत्या वेंडरचा माल आहे ते मला माहीत नाही, पण ज्यानं केला त्यानं नीट केला होता. कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कुसळं, राहिली असती तर पट्टा घासून चिरला असता. पोटावर पडून दुसऱ्याच्या कामाला दाद देण्याचे योग या वयात फार येत नाहीत.

सीट हलवून बघताना लोक तिच्या डोक्याकडचा भाग धरून गदागदा हलवतात आणि म्हणतात, सैल आहे. तो भाग थोडा हलणारच. बघायचं ते जिथून बेल्ट जातो तिथं. त्या जागी एका हातानं धरून ओढायचं. इंचभराच्या आत हललं तर ठीक. आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा आवळायचं, कारण फोम बसत जातो.

सगळ्यात महत्त्वाचं गणित कोनाचं. तान्ह्या बाळाला ४५ अंशांत निजवावं लागतं, नाहीतर जड डोकं पुढे पडून श्वास कोंडतो. सीटच्या कडेला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर आली की कोन बरोबर. आमचं पार्किंग पाणी वाहून जावं म्हणून उताराचं आहे. तिथं ती रेघ खोटं बोलणार. मी स्पिरिट लेव्हल घेऊन गाडी सोसायटीच्या गेटबाहेर सपाटीवर नेली. पण आमची नात आता मान धरून, तुरुतुरु चालणारी आहे. तिला एवढं निजवायची गरज नाही. कवचाची उंची साधारण ७० सेंमी. ४५ अंशांत ठेवलं तर ते आडवी जागा जवळजवळ ५० सेंमी खातं. उभ्या रेषेपासून ३० अंशांवर आणलं तर साइन ३० म्हणजे अर्धा, फक्त ३५. एवढ्या एका फरकानं १५ सेंमी सुटतात. छोट्या गाडीत १५ सेंमी म्हणजे पुढे माणूस बसणार की पिशवी, एवढा फरक. सीट विकत घेताना लोक रंग बघतात, कापड बघतात, कप ठेवायची जागा बघतात. मी म्हणेन, ती किती उभी राहू शकते ते आधी विचारा.

तरीही पुढची सीट नेहमीच्या जागेवर काही आली नाही. मी एकेक खाच मागे घेत गेलो, साधारण दहा-दहा मिलिमीटर, आणि सीटच्या कवचाला पाठ भिडली तिथं थांबलो. सौ. पुढे बसली. तिचे गुडघे आणि ग्लव्हबॉक्स यांत चार बोटं उरली. तिचे गुडघे तसेही दुखरे, पाय जरा पसरायला लागतो. पाच मिनिटं बसून ती उतरली आणि काही न बोलता मागे उजवीकडे जाऊन बसली.

आमच्या घरात पुढची डावी सीट ही तिची, गाडी घेतल्या दिवसापासून. तिथून ती मला गिअर कधी बदलायचा ते सांगते, फळवाल्याकडे गाडी थांबवायला लावते, टोलनाक्यावर सुट्टे काढून देते. फास्टॅग आल्यावरही तिचे सुट्टे तयारच असतात. ती जागा सोडणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. छोट्या गाडीत ही सीट बसवायची तर कोणीतरी आपली जागा सोडायची असते, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. आपल्याकडे आजवर जागा सोडायची वेळ आली की पोराला उचलून घेतलं जायचं, कारण पोर तक्रार करत नाही आणि त्याला मावायला जागाही लागत नाही. तोंडानं आपण म्हणतो पोरं म्हणजे जीव की प्राण. जागेच्या हिशेबात मात्र त्यांचा नंबर शेवटचा. कायद्यानं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात कलम १९४ बी आहे. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टनं किंवा मुलांच्या सीटनं बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. या कलमाखाली पावती फाटलेली मी तरी अजून पाहिलेली नाही.

चार दिवसांनी वाईजवळच्या आमच्या गावी निघालो. सकाळी गारठा होता. सौ.नं नातीला आधी गोधडीत गुंडाळलं आणि मग पट्टे लावायला घेतले. लेकीनं गोधडी काढायला लावली. पट्टे अंगाशी, आणि खांद्यावरच्या पट्ट्याची चिमटीत घडी येता कामा नये इतके घट्ट. गोधडी त्यावरून. स्वीडनमध्ये उणे दहात ते पोरांची जाकिटं गाडीत काढून ठेवतात, कारण धक्क्यात फुगीर कापड चपटं होतं आणि पट्टा तेवढा सैल पडतो. खेड शिवापूरपर्यंत पोरगी रडली. नंतर तिनं उलट्या सीटमध्ये मस्त मांडी घातली. पाय दुमडले जातील, अवघडेल, ही जी सगळ्यांना काळजी असते ती जमिनीवर पंगतीत बसणाऱ्या माणसांनी तरी करायला नको. तिचं तोंड मागच्या खिडकीकडे आणि सौ.चं पुढे, म्हणजे दोघी जवळजवळ समोरासमोर. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत दोघींचं ‘भो’ चालू होतं. पुढे बसलेली लेक मान वळवून बघायला लागली तर आजीच म्हणायची, “तू पुढे बघ, इथं मी आहे.”

परत येताना पाचगणीच्या बाजूची स्ट्रॉबेरी घेतली होती, दोन खोकी, मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेली. पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपला की उताराला ते कुप्रसिद्ध वळण लागतं. समोरच्या ट्रकनं एकदम लेन बदलली आणि मला ब्रेकवर उभं राहावं लागलं. आदळलो नाही, फक्त कचकन थांबलो. एक खोकं जागेवर राहिलं, दुसरं उडून सौ.च्या खांद्यावरून पुढे आलं आणि गिअरच्या दांड्याजवळ फुटलं. सौ. बेल्टमध्ये होती, तिला मागे बेल्ट लावायची सवय २०२२ च्या सप्टेंबरपासूनची, पालघरजवळ सायरस मिस्त्रींच्या गाडीला झालेल्या अपघाताची बातमी टीव्हीवर दोन दिवस चालली तेव्हापासून. तिला पट्टा खांद्यावर करकचून लागला. नात? ती कवचात पाठीनं जराशी दाबली गेली, एवढंच. तिनं डोळे मोठे केले, आजीच्या मांडीवर पडलेली एक स्ट्रॉबेरी पाहिली आणि ती हवी म्हणून हात पुढे केला.

सौ.नं स्ट्रॉबेरी दिली नाही, प्रवासात घशात अडकेल म्हणून. उरलेलं कव्हरही लाल डागांनी गेलं, ते एक बरं झालं. दुसऱ्या बाजूचंही काढून टाकलं.

सोसायटीत हे सगळं कर्णोपकर्णी झालं. संध्याकाळी कट्ट्यावर एकानं अडवून विचारलं, मागून ट्रकनं ठोकलं तर पोरगी उलटीच सापडेल की. शंका रास्त आहे. पण मागून ठोकणारा आणि आपण बहुधा एकाच दिशेनं जात असतो, धक्का बसतो तो दोन्ही वेगांतल्या फरकाचा. समोरासमोर वेगांची बेरीज होते. बेरीज आणि वजाबाकीतला फरक त्यांना पटला, की काळोख पडला म्हणून ते उठले, ते सांगता येत नाही. दुसरे म्हणाले, छोटी गाडीच मुळात पत्र्याचा डबा, तिच्यात सीट घालून काय होणार? यात थोडं तथ्य होतं. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळवून तपासणाऱ्या संस्थेनं आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किमीनं आदळवल्या, पाचहींना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. तेव्हापासून पत्रा आणि सांगाडा दोन्ही सुधारलेत. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी आहे, आणि तिच्यात दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे मागच्या सीटवर बसवतात. पण गाडी कमकुवत आहे म्हणून पोराला मोकळं सोडा, हे काही मला उमगत नाही. सांगाडा हलका असेल तर आतला क्लॅम्प आणखी घट्ट हवा.

जानेवारीत लेक परत गेली. नात आता तिकडच्या दुसऱ्या सीटवर आहे. ही इथंच ठेवली, पुढच्या खेपेसाठी. ट्रे जागेवर आला, सौ. पुढच्या सीटवर आली आणि नारळही परत आला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं, पोरगं सहा महिन्यांचं, गाडी अल्टो. परवा ती दोघं विचारायला आली, कोणती सीट घ्यायची. मी म्हटलं, घेऊ नका अजून. अल्टोच्या चाकांमधलं अंतर २३६० मिमी, म्हणजे आमच्यापेक्षा ४० मिमी कमी, चार खाचा. आणि तुमचं पोरगं लहान, त्याला अजून बरंच निजवावं लागेल. आधी आमची सीट तुमच्या गाडीत घालून बघू, कुठं अडते ते कळेल, मग दुकानात जा, आणि दुकानदार गाडीत बसवून दाखवणार असेल तरच घ्या. पुढे डावीकडे कोण बसतं विचारलं, तर मुलाचे वडील, साताऱ्याचे, सहा फुटांच्या वर. शनिवारी सकाळी गाडी घेऊन खाली या म्हटलंय. कव्हर काढून आणा, आणि आजोबांनाही आणा, त्यांच्या गुडघ्यांचं माप घ्यायचंय.